सोसायटीच्या सोनमोहरावर शिकारी पक्ष्याचे घरटे. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचे काय करावे?

पाचवा_मजला (ठाणे), १८ एप्रिल

नमस्कार. आम्ही पोखरण रस्ता क्रमांक २ च्या परिसरात, येऊरचा डोंगर गच्चीवरून सरळ दिसतो अशा एका जुन्या सोसायटीत राहतो. आमच्या दोन इमारतींच्या मधल्या जागेत एक मोठा सोनमोहर आहे. त्याच्या वरच्या बेचक्यात मार्चच्या अखेरीस एका शिकारी पक्ष्याच्या जोडीने काटक्यांचे घरटे बांधले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर दिसते, त्यामुळे मी रोज थोडा वेळ पाहते आणि जे दिसले ते वहीत लिहून ठेवते.

पक्षी कबुतरापेक्षा किंचित लहान आहे. पाठ निळसर राखी, छातीवर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा आणि शेपटीवर गडद पट्टे आहेत. दोघांपैकी लहान पक्ष्याचा डोळा लालभडक, तर मोठ्याचा पिवळसर नारिंगी दिसतो. १० एप्रिलपासून मोठा पक्षी घरट्यात बसूनच असतो. लहान पक्षी शिकार घेऊन समोरच्या नारळाच्या झावळीवर येतो आणि दोन सुरांत तीक्ष्ण आवाज देतो. मग मोठा पक्षी उडत जाऊन ती शिकार घेतो आणि थोड्या वेळाने पुन्हा घरट्यात येऊन बसतो. सोसायटीत कोणी याला घार म्हणतात, कोणी ससाणा, तर आमचे रखवालदार बाज म्हणतात.

अडचण अशी की, माझ्या सासूबाई गेली अनेक वर्षे गॅलरीत चिमण्यांसाठी बाजरी आणि तांदळाची कणी ठेवतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांदेखत या पक्ष्याने एक चिमणी उचलली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत आणि तेव्हापासून “ते घरटे काढायला सांग” असे त्या मला रोज म्हणतात. शेजारच्या घरी गॅलरीत रंगीत पक्ष्यांचा पिंजरा आहे, त्यांनाही धास्ती वाटते. खाली लहान मुले खेळतात. शिवाय मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी ठरलेली आहे आणि हा सोनमोहर यादीत पहिला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचीच एक फांदी वाऱ्याने तुटून दुचाकींवर पडली होती, त्यामुळे समितीचा आग्रह निराधार आहे असे मला म्हणता येत नाही.

हा पक्षी नेमका कोणता, तो किती दिवस येथे राहील, आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाचे मन न दुखवता व झाडाचा धोका न वाढवता हे दिवस कसे काढावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुर्बीण (ठाणे), १८ एप्रिल

आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की ओळखीबद्दल शंका राहत नाही. हा शिक्रा आहे. लाल डोळ्यांचा लहान पक्षी नर आणि पिवळसर डोळ्यांची मोठी ती मादी. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. पुढे संधी मिळाली तर गळ्यावरील मधोमध जाणारी एक बारीक गडद रेघ पाहावी. ती दिसली की खूण पटली. घार याहून बरीच मोठी असते, तिचे पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ दीड मीटर भरतात आणि तिच्या शेपटीला खाच असते. ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात आणि तो मोकळ्या आकाशात शिकार करतो. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर आणि शेपटी लांब असते, कारण त्याला झाडांच्या गर्दीतून वळणे घेत उडायचे असते. येऊरच्या पायथ्याची जुनी झाडे असलेली आपली सोसायटी त्याच्या दृष्टीने जंगलाचीच कड आहे.

याच दिवसांत दोन गोष्टींनी फसगत होते, म्हणून त्या येथेच सांगतो. पावशा उडताना हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो आणि त्याला पाहूनही लहान पक्षी घाबरून ओरडतात. दुसरे म्हणजे कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो, त्यामुळे आवाज ऐकू आला म्हणजे शिक्रा आलाच, असे समजून वहीत नोंद करू नये.

आता दिवसांचा हिशोब. मादी १० तारखेपासून बसून आहे, ही आपली नोंद फार मोलाची आहे. शिक्र्याची अंडी साधारण १८ ते २१ दिवसांत उबतात आणि त्यानंतर पिले सुमारे महिनाभर घरट्यात असतात. म्हणजे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी पिले बाहेर येतील आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती घरटे सोडतील. उडू लागल्यावरही ती काही आठवडे आसपासच्या फांद्यांवर बसून आईबापांकडे खाणे मागत ओरडत राहतात, पण त्या काळात घरट्याची फांदी त्यांना अत्यावश्यक नसते. ठरलेली छाटणी मात्र नेमकी पिले अंड्यातून बाहेर आल्या आल्या होणार आहे, आणि त्याहून वाईट वेळ शोधूनही सापडणार नाही. मेच्या उन्हात त्या पिलांवर सावली धरणारी फांदी गेली, तर घरट्याला हात न लावताही ती दगावतील.

सासूबाईंच्या दुःखाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझ्या आईचेही असेच झाले होते. ज्या चिमणीला आपण रोज दाणा घातला, ती आपल्यासमोर जाणे ही साधी गोष्ट नाही आणि “निसर्गाचा नियम आहे” एवढे बोलून त्यांची समजूत घालू नये. त्यांना काही दिवस आपल्या शेजारी खिडकीत बसवावे आणि नर काय काय आणतो ते दोघींनी मिळून पाहावे. शिक्रा सरडे, पाली, खारी, उंदीर, लहान पक्षी आणि मोठे कीटकही खातो. शहरातल्या घरट्यावर सरडे आणि पालीच वारंवार येताना मी पाहिले आहेत. चिमण्यांपुरता उपाय सोपा आहे. एकाच उघड्या जागी, एकाच वेळी रोज दाणे पडले की तेथे पक्ष्यांची गर्दी होते आणि शिक्र्याला ती वेळ कळते. म्हणून जूनपर्यंत दाणे ठेवणे थांबवावे. ते शक्य नसेल तर दाण्याची थाळी मधुमालतीसारख्या दाट वेलीच्या आत, थोडे थोडे दाणे घालून ठेवावी, म्हणजे चिमण्यांना दडायला जागा राहील. या ऋतूत त्यांना किडे-अळ्याही मिळतात. दाणे बंद झाले म्हणून त्या उपाशी राहणार नाहीत.

शेजाऱ्यांच्या पिंजऱ्याची धास्ती खरी आहे. शिक्रा पिंजऱ्यावर येऊन धडकतो, आतले पक्षी घाबरून तारांना बिलगतात आणि तारांमधून त्याची नखे त्यांच्यापर्यंत पोहोचतात. पिंजरा घरात घ्यावा, किंवा निदान तीन बाजूंनी आणि वरून झाकावा. पिंजऱ्यात आपला देशी पोपट असेल तर तो पाळणेच कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांना सौम्यपणे सांगावे.

मुलांना धोका नाही. पिले असताना एखादा शिक्रा डोक्यावरून झेप घेतो, पण ते घरट्याच्या अगदी जवळ गेल्यास. आपले घरटे पाचव्या मजल्याच्या उंचीवर आहे.

खाडीकाठ (बेलापूर, नवी मुंबई), १९ एप्रिल

वरील माहितीत मी शिक्र्याविषयी भर घालू शकत नाही. आमचा अनुभव घारीचा आहे. तरी तो येथे मांडतो, कारण पक्षी वेगळा असला तरी सोसायटीतील माणसे सगळीकडे सारखीच असतात.

आमच्या इमारतीच्या कुंपणालगतच्या पर्जन्यवृक्षावर घारीचे घरटे होते. घारी आपल्याकडे हिवाळ्यातच घरटी बांधायला घेतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची पिले घरट्यात असतात. त्या दिवसांत गच्चीवर टाकी साफ करायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर घारीने दोनदा झडप घातली आणि दुसऱ्या वेळी त्याच्या टाळूला नख लागून रक्त आले. सभेत घरटे पाडण्याचा ठराव आला. चर्चा सुरू झाल्यावर असे निघाले की, एक रहिवासी गृहस्थ पुण्यकर्म म्हणून रोज सकाळी त्याच गच्चीवरून कोंबडीच्या मांसाचे तुकडे वर भिरकावत असत. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. परंतु गच्चीवर माणूस आला की खाणे मिळते, हे घारींनी शिकून घेतले होते. एकीकडे घरट्याची राखण आणि दुसरीकडे माणसाच्या हाताकडे लागलेली नजर, अशा दोन्ही गोष्टी एकाच जागी एकत्र आल्या होत्या. आमच्या जवळच्या दिवाळे गावाच्या मासळी बाजारात घारी टोपल्यांवर झडप घालतात ती याच सवयीने, पण तेथील कोळणींना त्यांचा अंदाज असतो आणि टोपलीवर कापड टाकायला त्या विसरत नाहीत. आमच्या गच्चीवरच्या माणसाला तो अंदाज नव्हता.

आम्ही मांस टाकणे बंद करण्याची विनंती केली आणि त्या गृहस्थांनी ती मान्य केली, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. टाकीची सफाई दीड महिना पुढे ढकलली. ज्यांना वर जाणे भागच होते, त्यांनी उघडी छत्री घेऊन जावे असे ठरले. घार बहुधा पाठीमागून येते, त्यामुळे डोक्यावर छत्री असली की तिची झडप चुकते. पिले उडून गेल्यावर गच्चीवर पुन्हा कोणाला त्रास झाला नाही आणि पुढील वर्षी त्याच जागी घरटे असूनही एकही तक्रार आली नाही.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, आपल्या सोसायटीत कौतुकापोटीसुद्धा कोणी शिक्र्याला खाणे घालू नये. जंगली पक्षी आपल्याला ओळखू लागला याचा आनंद होतो, पण त्या ओळखीची किंमत शेवटी त्यालाच मोजावी लागते.

माजी_सचिव (ठाणे), १९ एप्रिल

मी अनेक वर्षे एका सोसायटीचा सचिव होतो, म्हणून समितीसमोर काय ठेवावे तेवढेच लिहितो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये “शिकार” या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही समावेश आहे. म्हणजे घरटे खाली उतरवणे हा सोसायटीच्या ठरावाने करता येण्यासारखा विषयच नाही. ठराव मंजूर झाला तर जबाबदारी सही करणाऱ्यांवर येईल, हे अध्यक्षांना स्पष्ट शब्दांत सांगावे. त्याशिवाय महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि झाड तोडणे या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते. छाटणीची परवानगी घेतली असेल तर त्याच कार्यालयात दोन ओळींचा अर्ज देऊन झाडावर घरटे असल्याचे कळवावे, सोबत छायाचित्र जोडावे आणि पाहणीची विनंती करावी. तोंडी बोलण्यावर विसंबू नये.

परंतु केवळ कायदा दाखवून सभा जिंकू नये, असे मला अनुभवाने वाटते. फांदी पडण्याची भीती खरी आहे. सोनमोहराचे लाकूड ठिसूळ असते आणि पहिल्या वादळी पावसात त्याच्या लांब, आडव्या फांद्या मोडतात. झाडाची जी बाजू वाहनतळावर आली आहे आणि घरट्यापासून दूर आहे, तेथील वाळलेल्या व धोकादायक फांद्या आत्ताच, अंडी उबण्यापूर्वी, हातकरवतीने, सकाळच्या थंड वेळी तासाभरात काढता येतील का, हे वृक्ष अधिकाऱ्यांना विचारावे. यांत्रिक करवत आणि शिडीची गाडी नको. उरलेले काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात करावे. आपल्याकडे मोसमी पाऊस त्याच सुमारास येतो, त्यामुळे चार-पाच दिवसांची जोखीम राहील. तेवढे दिवस झाडाखाली दुचाकी लावू नयेत. समितीला काम पुढे ढकला असे सांगताना त्यासोबत वाहनांची पर्यायी जागाही सुचवली, तर विरोध मावळतो.

पाचवा_मजला (ठाणे), २ मे

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज दिला, पाहणी झाली आणि वाहनतळाच्या बाजूच्या तीन फांद्या २४ एप्रिलला काढून झाल्या. मादी एकदाच उठली आणि दहा मिनिटांत परत येऊन बसली. घरट्याची बाजू जूनपर्यंत तशीच ठेवायची असे समितीने लेखी मान्य केले आहे. कालपासून मादी शिकारीचे बारीक तुकडे करून घरट्यात मान खाली घालते आहे, म्हणजे पिले आली असावीत.

सासूबाई आता माझ्याआधी खिडकीत येऊन बसतात. वहीतील निम्म्याहून अधिक नोंदी सरड्यांच्या आणि पालींच्या निघाल्या. घरातल्या पालीची त्यांना अतोनात किळस आहे, त्यामुळे त्यांचे मत पुष्कळ बदलले आहे. दाण्याची थाळी मात्र त्यांनी बंद केली नाही, ती वेलीच्या आत सरकवली आहे.

एक नवी काळजी आहे. सोसायटीत दरवर्षी मे महिन्यात उंदरांसाठी विषारी वड्या ठेवतात. त्याचा या पक्ष्यांना त्रास होईल का?

दुर्बीण (ठाणे), २ मे

होईल, आणि हा प्रश्न आपण वेळेवर विचारलात. या वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडायोलोन असते. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि उंदीर लगेच न मरता काही दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. त्या मधल्या दिवसांत तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि शिकारी पक्ष्याच्या तावडीत सहज सापडतो. नराने असे उंदीर पिलांना खाऊ घातले तर ते विष पिलांच्या अंगात उतरते. घुबडे, घारी आणि शिक्रे या तिघांनाही हा धोका आहे. कीटकनाशक फवारणाऱ्या ठेकेदाराला सांगून यंदा वड्या ठेवूच नयेत, लोखंडी पिंजरे लावावेत आणि मुख्य म्हणजे ओल्या कचऱ्याचे डबे रात्री झाकले जातील असे पाहावे. चिकट पुठ्ठे तर कधीच उघड्यावर ठेवू नयेत. त्यांना पाली, चिमण्या आणि त्यांच्यामागे आलेला शिक्राही चिकटतो.

आणखी एक विनंती. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर सांगू नये. छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी, उडता कॅमेरा किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, यांमुळे आईबाप घरट्यापासून दूर राहतात, आणि कावळ्यांना तेवढी फुरसत पुरेशी असते.

पिले उडायला शिकताना एखादे खाली पडेल. पिसे पूर्ण आली असतील आणि ते उभे राहत असेल, तर त्याला जवळच्या झाडाच्या फांदीवर ठेवून सर्वांनी दूर व्हावे. आईबाप त्याला तेथे येऊन भरवतात. माणसाचा हात लागलेल्या पिलाला पक्षी टाकून देतात, ही समजूत खरी नाही. पिलू जखमी असेल तर अंगावर जाड पंचा टाकून, पाय वर सांभाळून धरून, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धरताना चोचीपेक्षा नखांना जपावे. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूधभात तर मुळीच देऊ नये.

पाचवा_मजला (ठाणे), ९ जून

उशिरा लिहीत आहे, कारण मधले दिवस धावपळीचे गेले. तीन पिले होती. दोन १ आणि २ जूनला उडाली. तिसरे ४ तारखेच्या वादळी संध्याकाळी खाली चिखलात पडले. पिसे पूर्ण होती, जखम नव्हती, फक्त ते भिजून थरथरत होते. रखवालदारांनी त्याला पंच्यात धरले. पाऊस थांबेपर्यंत खोक्यात ठेवून मग त्यांनीच शिडीवर चढून कुंपणाजवळच्या आंब्याच्या फांदीवर त्याला बसवले. आम्ही सर्वांनी मुलांना घेऊन इमारतीत जाऊन दारे लावून घेतली. तासाभराने मादी आली, पण काही न देता परत गेली, तेव्हा मला फार अपराधी वाटले. अंधार पडण्याच्या थोडे आधी ती पुन्हा आली आणि तिच्या नखांत सरडा होता.

आता तिन्ही पिले दिवसभर पाण्याच्या टाकीवर आणि नारळावर बसून ओरडतात. त्यांच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे तपकिरी ठिपके आहेत, त्यामुळे ती आईबापांहून वेगळी ओळखू येतात. घरटे रिकामे झाल्याचे वृक्ष अधिकाऱ्यांना कळवले असून उरलेली छाटणी १३ तारखेला आहे. घरट्याचा बेचका मजबूत असल्याने तो तसाच ठेवायला सांगितले आहे. सासूबाईंनी विचारायला सांगितले आहे की, पुढच्या वर्षी हीच जोडी येथे येईल का?

दुर्बीण (ठाणे), ९ जून

शिक्रा ऋतू बदलला म्हणून दूरदेशी जाणारा पक्षी नव्हे. वर्षभर आपल्याच आसपास असतो, फक्त पाने दाट झाली की नजरेस पडत नाही. जोडी पुढच्या वर्षी याच सोनमोहरावर बांधेल की दोन झाडे सोडून, हे सांगता येत नाही. फेब्रुवारीपासून सकाळच्या वेळी आवाजाकडे लक्ष ठेवावे आणि चोचीत काटकी दिसली की वहीत तारीख लिहावी. छाटणीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.